चौथी शिट्टी

मंडप पडला, पण कोणाला लागलं नाही. पुढे कित्येक वर्षं माणिकरावांच्या घरात हे वाक्य जो तो आपल्याच कर्तबगारीचा दाखला म्हणून सांगत असे.

खरं तर 'पडला' हा शब्दही जरा जास्तच होतो. साठ फूट लांब आणि चाळीस फूट रुंद असं ते पांढरं छत बांबूंवर चढता चढता मध्येच थांबलं आणि मग जेवून आडवं होणाऱ्या माणसासारखं सावकाश खाली टेकलं. खाली किशनराव गुरुजी पाच पाहुण्यांसोबत चहा पीत बसले होते. छत इतक्या फुरसतीने आलं की त्यांतल्या दोघांनी चहा संपवला, एकाने कप बशीवर नीट ठेवला आणि गुरुजींनी वर पाहून विचारलं, "हे असंच असतं का?" उत्तर यायच्या आत सगळे कापडाखाली गेले.

पुसेगावातली ही मे २००४ मधली सकाळ. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला गुरुजींच्या मुलीचं, साक्षीचं लग्न होतं. कापडाखालून गुरुजी चष्मा हातात घेऊन बाहेर आले, धोतर झटकलं आणि कोणावरही ओरडले नाहीत. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी टेबल मागवलं, कागद मागवला आणि कनेरगाव नाक्याच्या 'माणिकराव मंडपवाले' यांस रीतसर पत्र लिहिलं. आज दुपारी चार वाजेपर्यंत लेखी खुलासा द्यावा. चूक कोणाची ते नावानिशी कळवावं. त्या इसमाने उद्याच्या कामावर पाऊल ठेवू नये. खुलासा न आल्यास वाशिमच्या मंडपवाल्यांना फोन करण्यात येईल.

वाशिमच्या मंडपवाल्यांचं नाव माणिकरावांच्या घरात जेवताना काढायची बंदी होती. इथे तर ते कागदावर आलं.

आता शिट्टीचं. माणिकरावांनी धंदा काढला तेव्हापासून कामाचा कायदा एकच होता. एक शिट्टी म्हणजे उचला, दोन म्हणजे ताणा, तीन म्हणजे बांधा, चार म्हणजे दोर सोडा. शिट्टी एकट्या माणिकरावांच्या गळ्यात होती तोवर या कायद्यात खोट नव्हती. गेल्या दसऱ्याला त्यांनी सत्तरीचं निमित्त करून कारभार सोडला आणि शिट्टी थोरल्या संतरामच्या गळ्यात घातली. तेवढ्यात धाकट्या बालाजीचा चेहरा पडला, म्हणून हिंगोलीच्या जत्रेतून त्याला तश्शीच दुसरी आणली. बांबू आणि दोर संतरामकडे, कापड आणि झालर बालाजीकडे, अशी वाटणी झाली. मंडप मात्र दोघांचा मिळून एकच असतो, हे त्या दिवशी पेढ्यांच्या गडबडीत राहून गेलं. संक्रांतीनंतर बालाजीच्या बायकोने, पुनमने, तिसरी शिट्टी घेतली. गिऱ्हाइकं ती सांभाळायची. तिचं म्हणणं, बोलणी मी खाते तर शिट्टी मला काहून नको.

त्या सकाळी माणूसभर उंचीवर टांगलेलं छत पूर्ण वर उचलायची वेळ आली तेव्हा संतरामने एक शिट्टी मारली. एक म्हणजे उचला. हुकूम आपणही दिलेला बरा म्हणून बालाजीने एक मारली. या दोघांची ऐकू गेली नसावी असं वाटून पुनमने एक मारली. मधल्या बांबूचा दोर धरलेला जुना गडी थावरा इमानाने मोजत होता. तीन झाल्या, म्हणून तो गाठ मारायला वाकला. एवढ्यात चौथी आली. चार म्हणजे सोडा. थावराने सोडला.

*

खुलासा लिहायला घरची माणसं एकत्र बसली ती त्याच पडलेल्या छताखाली. दुसरीकडे सावली नव्हती. गुरुजींच्या घरात पाहुणे मावत नव्हते आणि टेम्पोचा पत्रा असा तापला होता की एकदा टेकलेला माणूस पुन्हा टेकला नसता. थावराने एक बांबू आत घेऊन छताचा मधला भाग उचलून धरला आणि त्याखाली सहा माणसांपुरती जागा झाली. बसलं की ठीक. रागाने उठलं की डोकं कापडात. त्यामुळे त्या दिवशीचं भांडण बसूनच झालं.

संतरामने सुरुवात केली. आपण पहिली शिट्टी मारली आणि पहिली शिट्टी चूक कशी असेल, असा त्याचा मुद्दा होता. बालाजी म्हणाला की चूक पहिल्यातच असते, बाकीचे तिच्या मागे जातात. संतराम उठला, कापडात गेला, खाली बसला. मग त्याने दसऱ्याचा विषय काढला. बालाजीने संक्रांतीचा काढला. पुनमने घड्याळ काढून पुढे ठेवलं. दीड वाजला होता.

माणिकराव एका कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसले होते आणि कोणाच्याच बाजूने बोलत नव्हते. एरवी ते दोन्ही बाजूंनी बोलत. नर्मदाबाईंनी हे हेरलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात नवरा दोनदाच असा गप्प बसला होता, आणि दोन्ही वेळा त्याने काही तरी करून ठेवलेलं होतं.

दोन वाजता बालाजीच्या डोक्यात प्रकाश पडला. दोर हातात कोणाच्या होता? सोडला कोणी? संतराम धाकट्या भावाकडे बघतच राहिला. दसऱ्यापासून पहिल्यांदा त्याला त्याचं म्हणणं पटत होतं. त्याने लगेच पुढचं जोडलं. थावराचं नाव लिहून द्यायचं, उद्यापुरतं त्याला घरी ठेवायचं, आणि दिवाळीनंतर बघू.

"दिवाळीनंतर काय बघायचं?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"आई, लगीनसराईभर गुरुजींच्या कानावर जायला नको. त्यांची वळख लई हाय," संतराम म्हणाला. "नाव लागलेला मानूस परत कामावर दिसला तर आपलाच कागद खोटा."

म्हणजे उद्यापुरतं नव्हे, कायमचं. हे सगळ्यांना कळलं, आणि कोणी म्हणून दाखवलं नाही. पोरं एकदाची एका विचारावर आली म्हणून नर्मदाबाईंना क्षणभर बरं वाटलं. मग त्यांची नजर त्या विचारात ज्याचं नाव होतं त्याच्यावर गेली. तो त्यांच्या डोक्यावरचं छत धरून उभा होता.

बालाजीलाही तेच अवघड झालं. तो थावराला म्हणाला, जरा बाहेर जाऊन ये, घरातलं बोलायचंय.

"जातो," थावरा म्हणाला. "बांबू कोन धरतं?"

बालाजीने संतरामकडे पाहिलं, कारण बांबू त्याच्या खात्यात. संतरामने बालाजीकडे पाहिलं, कारण बांबूच्या टोकाला कापड होतं. थोडा वेळ दोघे आपापल्या वाटणीवर ठाम राहिले. शेवटी थावराला सांगण्यात आलं की तू इथेच थांब, फक्त ऐकू नको.

थावरा थांबला. डाव्या हाताला मुंग्या आल्या होत्या, म्हणून बांबू त्याने खांद्यावर घेतला. तीस वर्षं तो या घराचे दोर ओढत होता. संतराम आणि बालाजी दोघांनाही त्याने मंडपाच्या कापडाच्या झोळीत झोके दिलेले होते. आता ते दोघे त्याचं नाव कसं लिहायचं ते ठरवून राहिले होते आणि तो सांगितल्याप्रमाणे ऐकत नव्हता.

*

वही पुनमकडे होती. 'सदर चूक आमचे कामगार थावरा' इथपर्यंत तिने लिहिलं. तिला हे सोयीचं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक तिचं, चार वाजता तोंड तिला दाखवायचं. पुढे 'यांची असून' एवढंच लिहायचं होतं. पण पुनमला एक खोड होती. ती कुठल्याही गोष्टीत आधी मोजायची.

"भाऊजी, तुमी किती मारल्या?"

संतराम म्हणाला, एक. बालाजी म्हणाला, एक. तिची स्वतःची एक.

"मंग तीन झाल्या. थावराकाकांनी चार काहून मोजल्या?"

संतरामने सांगितलं की थावराला मोजता येत नाही. बालाजीला हेही पटलं. एका दिवसात दोनदा पटायची ही पहिलीच वेळ.

"तीस वर्सं मोजून राहिलो, संतरामदादा," थावरा वरून म्हणाला. "तिसरीनंतर सोडला असता तर तुमचं बराबर. चौथी वाजली."

"कोणाची?" पुनमने विचारलं.

थावराने मान वर कापडाकडे वळवली.

त्याला माहीत होतं. प्रत्येकाची शिट्टी वेगळी वाजते. संतराम फुंकर तोडतो, बालाजी ओढतो, वहिनी चटकन मारतात. चौथी आधी नुसती हवा सोडून मग वाजली होती. वरचा पुढचा दात नसलेल्या माणसाची शिट्टी अशी वाजते, आणि तशी शिट्टी थावराने पाच वर्षं, म्हणजे तो दात पडल्यापासून गेल्या दसऱ्यापर्यंत, रोज ऐकली होती.

कोपऱ्यात माणिकरावांनी बंडीच्या आतल्या खिशावर हात ठेवला.

जत्रेत बालाजीसाठी शिट्टी घेताना त्यांनी आणखी एक घेतली होती. फुटलीबिटली तर घरात असावी म्हणून. नंतर ती घरात न ठेवता खिशात ठेवली, कारण घरात ठेवली तर सापडत नाही. सात महिन्यांत एकदाच वाजवली, शेतात, बैलावर. बैलाने ऐकलं नाही, ते त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. आज पाण्याच्या टँकरमागे उभं राहून ते नुसतं बघणार होते. पण बांबू जरासा कलला, आणि हात आपोआप खिशात गेला. त्यांनीही एकच मारली होती. उचला म्हणून.

सांगून टाकावं असं त्यांना दीड वाजल्यापासून वाटत होतं. पण सगळ्यांनी निवृत्तीचे पेढे खाल्लेले होते.

"काका, कोणाची ते सांगा," पुनम म्हणाली. "न्हाई तर मला हेच पुरं करावं लागंल."

"मला म्हाईत न्हाई. तुमी लिवा माझं नाव." थावराने बांबू एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला. "फकस्त एक करा. माझी पोरगी त्या गुरुजींच्या हाताखाली शिकली. साक्षीताईची मैतरीन हाय, उद्या लग्नाला येनार. तिच्यासमोर त्यो कागद वाचू नका म्हनावं."

थावराने खाली वाकून पुनमच्या मांडीवरची वही पाहिली. त्याला वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव दिसतं कसं हे पोरीने शिकवलेलं होतं. ते त्याला दिसलं.

"मंग मला जाया पायजे," तो म्हणाला. "नाव लागलेल्यानं हितं पाऊल ठिवू नये, असं गुरुजींनीच लिवलंय."

त्याने बांबू अलगद जमिनीवर आडवा ठेवला आणि वाकून बाहेर निघून गेला.

छत माणिकरावांच्या घराण्यावर सावकाश उतरलं.

*

कापडाखाली सगळं पांढरं होतं. कोणाचं तोंड दिसत नव्हतं. इथे गूळ शिजवल्यासारखं उकडत होतं आणि कोणाची तरी कोपरं कोणाच्या तरी बरगड्यांत होती. बालाजीने सुचवलं की सगळ्यांनी एकाच वेळी एका दिशेने सरकावं. कुठल्या, यावर संतरामचं वेगळं मत होतं.

"चौथी माझी," माणिकराव म्हणाले.

सरकणं थांबलं.

"खिशात हाय. जत्रेत घेतली होती. टँकरमागून मारली." एवढं बोलायला त्यांना दोन श्वास लागले. "थावराला वळखू आली. त्यानं सांगितलं न्हाई, कारन त्यो मला मालक म्हनतो. आन मी दीड वाजल्यापासून त्याच्या सावलीत बसून राहिलो."

मग नर्मदाबाईंचा आवाज आला. गुरुजींना आणि पाहुण्यांना उन्हातून उठवून मंडपाखाली बसवलं ते आपण, असं त्या म्हणाल्या. छत चढायचंय हे दिसत होतं, पण चहा गार होत होता.

"आत्या, तुमचं काय त्यात," बालाजी म्हणाला. आईला तो घाबरला की आत्या म्हणायचा, बायकोची सवय लागून.

"माझ्या वाट्याचं हाय ते. तू तुझं सांग."

बालाजीच्या बाजूचं कापड जरा हललं. त्याने कबूल केलं की छत उचलायची त्याला घाईच नव्हती, झालर लावायची राहिली होती. पण दादाने मारली म्हणून त्याने मारली. संतरामने दुसऱ्याची चूक सांगायला तोंड उघडलं, पुनम म्हणाली, भाऊजी, आपली सांगा. मग संतराम म्हणाला, "बालाजीची वाजली तवाच सगळं थांबवायला पायजे होतं. म्या न्हाई थांबवलं. त्याचं चुकू दे म्हनलं."

हे ऐकून बालाजी चकित झाला, कारण त्यालाही नेमकं हेच वाटलं होतं. दोघे भाऊ वेगवेगळे नव्हते हे त्यांना अशा प्रकारे कळलं.

"मी मारली ती तुमच्या दोघांवर मारली," पुनम म्हणाली. "मंडपाकडं बघितलंच न्हाई."

मग सर्वांच्या लक्षात आलं की कबुली झाली, पण बाहेर कसं पडायचं ते ठरलेलं नाही. माणिकरावांनी अंधारात, म्हणजे उजेडात पण न दिसता, शिट्टी पुढे केली. ती चार हातांतून पुनमकडे पोचली.

"एक मार," माणिकराव म्हणाले.

पुनमने एक मारली.

थावरा लिंबाच्या झाडापर्यंत गेला होता. त्याने ऐकलं. एक म्हणजे उचला. त्याने पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं, परत आला आणि बांबू उचलला. हे त्याने विचार करून केलं नाही, असं तो नंतर म्हणायचा. पोरीचा यावर कधी विश्वास बसला नाही.

आतून सगळे घामाघूम बाहेर आले. पुनमने पहिल्यांदा वहीचं पान फाडलं. मग शिट्टी थावरापुढे धरली.

"ही तुमी ठेवा, काका. दोर ज्याच्या हातात, शिट्टी त्याच्या तोंडात."

थावरा मागे सरला. माणिकराव म्हणाले, "घे रे. मी सांगून राहिलो." लगेच त्यांच्या लक्षात आलं की आता सांगायचं आपण नाही. तोवर थावराने शिट्टी घेतली होती.

*

चारला पाच मिनिटं कमी असताना खुलासा गुरुजींच्या हातात पडला. गुरुजींनी एक नाव मागितलं होतं. कागदावर सहा होती, आणि प्रत्येकापुढे त्याच्या वाट्याची चूक त्याच्याच शब्दांत. सहावं थावराचं. ते त्याने हट्टाने घालायला लावलं होतं: चार मोजल्या, पण खाली माणसं हायत ते बघितलं न्हाई. नर्मदाबाईंच्या नावापुढे अंगठा होता. खाली पुनमने लिहिलं होतं की यापुढे कामावर शिट्टी एकच राहील आणि ती थावरा यांच्याकडे असेल. उचलायच्या आधी ज्याला जे बोलायचं ते त्यांच्याशी बोलावं, उचलायला लागल्यावर कोणीही बोलू नये, यात मालकही आले.

गुरुजींनी कागद दोनदा वाचला. शेरा मारायला पेन काढला, मग परत खिशात घातला.

"बत्तीस वर्षं खुलासे वाचले," ते म्हणाले. "चूक माझी, असा कधी आला नव्हता. हे तर सहा झाले. म्हणजे मी सहाही जणांना उद्या येऊ देऊ नये की काय?"

"मंग वाशिमवाल्याला फोन करावा लागंल," नर्मदाबाई म्हणाल्या. "आन त्यांच्यात पण सहा जन असतील."

मग गुरुजींनी पाहुण्यांना हाक मारून खुर्च्या उचलायला सांगितल्या आणि मंडप उभा राहीपर्यंत चहा घरात द्यावा, असं स्वतःच्या बायकोला बजावलं.

संतराम आणि बालाजीने आपापल्या शिट्ट्या आईकडे दिल्या. पुनमने आपली दिली. नर्मदाबाईंनी तिन्ही पदराच्या गाठीत बांधल्या. आता आम्ही काय करायचं, असं संतरामने विचारलं तेव्हा थावराने त्याला एक बांबू दाखवला आणि बालाजीला दुसरा.

मग थावराने फक्कीचा डबा आणला, लिंबाखाली एक खुर्ची ठेवली आणि खुर्चीभोवती पांढरी रेघ ओढली. रीतसर, गोल. माणिकरावांना कोणी काही सांगितलं नाही. ते स्वतःच जाऊन आत बसले.

साडेपाच वाजता बाकीच्या गड्यांसकट बारा माणसं बारा बांबूंवर उभी राहिली. थावराने शिट्टी तोंडात धरली. सगळे त्याच्याकडे पाहत होते. तो मात्र लिंबाकडे पाहत होता. शिट्टी वाजेना. संतरामला काही बोलावंसं वाटलं. त्याने बांबूला तोंड टेकवून ठेवलं.

थावराने शिट्टी काढून हातात घेतली.

"मालक," तो म्हणाला. "पाय."

माणिकरावांनी खाली पाहिलं. उजव्या पायाचा अंगठा रेघेच्या दोन बोटं पलीकडे होता. त्यांनी तो आत घेतला. दुसरा बाहेर नव्हता, तोही जरा आत घेतला.

मग एक शिट्टी वाजली आणि छत वर गेलं. कुठे कललं नाही, कुठे थांबलं नाही. दोन वाजल्या, ताण आला. तीन वाजल्या, गाठी पडल्या. चौथी वाजली नाही. माणिकरावांचे ओठ मात्र आपोआप पुढे आले होते, आणि शेजारी उभ्या असलेल्या नर्मदाबाईंनी पदराच्या गाठीशेजारची पुडी सोडून त्या ओठांत वेळेवर सुपारीचं खांड घातलं.